बाजाराच्या दिवशी जिंकलेला डाव

विनय हा गुण माझ्यात लहानपणापासून कमी, आणि बुद्धिबळाच्या बाबतीत तर तो औषधालाही सापडायचा नाही. बाविसाव्या वर्षी चाकणपासून चिंचवडपर्यंत मला हरवेल असा खेळाडू उरला नव्हता. एक जण होते, पण त्यांना मी धरत नाही, कारण मला खेळ त्यांनीच शिकवला होता.

चाकणच्या पेठेत त्यांचं स्टोव्ह आणि कंदील दुरुस्तीचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. गिऱ्हाईक स्टोव्ह घेऊन आलं की आधी त्यांचा डाव संपायची वाट पाहायची, असा तिथला रिवाज होता आणि कुणाची त्याला हरकत नसे. दुकानाच्या फळीवर जाड कापडाचा पट पसरलेला असे. मोहऱ्यांना रॉकेलचा वास यायचा. मी आठव्या वर्षी तिथं जाऊन बसलो तो पुढची चौदा वर्षं उठलोच नाही म्हणा ना.

चाचांचा खेळ देशी. त्यातले दोन-तीन नियम सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही, म्हणून सांगतो. प्यादं चालत चालत पटाच्या शेवटच्या ओळीत पोचलं, की ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच मोहरं होतं. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, घोड्याच्या घरात गेलं तर घोडा. दुसरं म्हणजे समोरच्याचं सगळं सैन्य मारून नुसता राजा ठेवला, तर डाव जिंकला असं होत नाही. त्याला बुर्जी म्हणतात आणि डाव बरोबरीत सुटतो. म्हणून समोरच्याचं शेवटचं प्यादं जपायचं असतं, अगदी आपल्या पोरासारखं. आणि सगळ्यांत मोठा मान प्यादी मातीचा. वजिरानं मात केली तर लोक 'बरं' म्हणत. प्याद्यानं केली तर चहा सांगत.

पिंपरीला तेव्हा औषधांचा मोठा कारखाना नव्यानंच सुरू झाला होता. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली मधली वर्षं ती. मला तिथं भांडारात कारकुनाची नोकरी लागली. रोज तळवड्याच्या माळावरून सायकल हाणत जायचं आणि यायचं. भांडारात माझ्या शेजारच्या टेबलावर एक सिंधी गृहस्थ होते. फाळणीत घरदार सोडून आलेले आणि पिंपरीच्या निर्वासितांच्या वसाहतीत राहणारे. ते कराचीला विलायती नियमांनी बुद्धिबळ खेळलेले होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला ते नियम शिकवले. आठ महिन्यांत मी त्यांना असं हरवायला लागलो, की ते डबा खाऊन झोपा काढू लागले.

चाचांना मी नव्या खेळाबद्दल सांगितलं. त्यांनी स्टोव्हच्या पिनेनं बर्नर साफ करता करता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खेळ की बाबा. पर माझ्यासमोर नगं. मला साठीला नवी भाषा न्हाई शिकायची."

त्या काळी आमच्याकडे ग्रँडमास्टर हा शब्द कुणी ऐकला नव्हता. बुद्धिबळ खेळून माणूस जगतो हे कुणाला सांगितलं असतं, तर त्यानं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला असता. मला मात्र तेवढंच करायचं होतं. आणि एक फट दिसली. पुण्यात स्पर्धा होती, विलायती नियमांची. तिच्यातून पहिले दोघे राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होते. आमच्या साहेबांना खेळाचं वेड. ते म्हणाले, "राष्ट्रीय स्पर्धेत पोचलास तर कारखान्याचा खेळाडू म्हणून तुझं नाव लावतो. वर्षातून दोन महिने खेळायला सोडीन, पगार चालू. नाही पोचलास तर भांडारात बाटल्या मोज." म्हणजे खेळाडू व्हायचं की कारकून राहायचं, ते त्या स्पर्धेवर होतं. मला काळजी वाटली नाही. मी दुसरा कोण येईल याचा विचार करत होतो.

शेवटच्या फेरीपर्यंत मी पहिल्या तिघांत होतो. शेवटचा डाव जिंकला की माझी जागा पक्की. बरोबरी झाली किंवा हरलो, तर तिसरा. समोर पुण्याचे एक बँकेतले गृहस्थ होते, चष्मेवाले, फार सभ्य. चार तासांत मी त्यांना पार उघडं केलं. माझ्याकडे राजा, एक हत्ती आणि दोन प्यादी. त्यांच्याकडे राजा आणि घोड्याच्या घराकडे निघालेलं एकुलतं एक प्यादं. तेवढ्यात त्या दिवसाची खेळाची वेळ संपली. तेव्हाची पद्धत अशी, की वेळ संपली तर ज्याची पाळी असेल त्यानं आपली पुढची चाल कागदावर लिहून लिफाफ्यात घालायची, लिफाफा पंचांकडे द्यायचा आणि डाव दुसऱ्या दिवशी पुढे चालू करायचा. पाळी त्यांची होती. त्यांनी चाल लिहून लिफाफा चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्या सभागृहात कुणाचं तरी लग्न होतं, म्हणून डाव परवावर गेला.

आणि तो मधला दिवस नेमका चाकणच्या बाजाराचा.

सकाळी मी चाचांच्या दुकानात जाऊन पट मांडला आणि डाव जिथं थांबला होता तसाच लावून दाखवला. दहा वाजेपर्यंत दुकानापुढे तीस-चाळीस माणसं जमली. कांद्याच्या गोण्या उतरवून आलेले शेतकरी, शेजारचा शिंपी, बैल बांधून आलेले गाडीवान. बुद्धिबळ सगळ्यांना येत होतं, निदान सल्ला देण्यापुरतं तरी.

"लिफाफ्यात काय आसंल?" कुणीतरी विचारलं.

"प्यादं पुढं. दुसरं हाय काय त्याच्याकडं?" चाचा म्हणाले. ते खरंच होतं.

"मग हाण की हत्ती त्या प्याद्यावर! मारून टाक!" एक गाडीवान ओरडला.

सगळे त्याच्यावर तुटून पडले. "आरं येड्या, बुर्जी व्हईल न्हवं! नुसता राजा ऱ्हाईल!"

मी म्हणालो, "नव्या नियमात बुर्जी नसते. प्यादं मारलं तरी मी जिंकतो." हे मी बोललो, माझ्याच तोंडानं. पुढे जे झालं त्यात हे ध्यानात ठेवावं लागतं.

चाचांनी पटावरची नजर काढली नाही. "नसंल बुर्जी," ते म्हणाले. "तुला कोण न्हाई म्हणतंय? पर शेवटचं प्यादं मारून नागव्या राजाच्या मागं हत्ती घेऊन पळायचं, ह्याला जिंकनं म्हनत न्हाईत बेटा. थांब जरा. इथं प्यादी मात दिसतीया मला."

आणि खरंच होती. दोन तास आम्ही ती शोधली. हत्तीनं राजाला कडेच्या ओळीत कोंडायचं, माझा राजा पुढे आणायचा आणि पाचव्या चालीला प्याद्यानं मात. इतकी देखणी मात मी तोवर पटावर पाहिली नव्हती. फक्त एक अडचण. त्यांचं प्यादं मोकळं राहत होतं आणि ते तीन चालींत शेवटच्या ओळीत पोचत होतं.

"पोचू दे," चाचा म्हणाले. "घोड्याच्या घरात जातंय. घोडा व्हईल. तो घोडा कोपऱ्यातनं काय करनार? मातीला आडवा येतोय का बघ."

आम्ही घोडा ठेवून पाहिला. तीन-तीनदा पाहिला. चाळीस माणसांनी पाहिला. घोडा आडवा येत नव्हता. मीही पाहिलं आणि म्हणालो, "नाही येत." चौदा वर्षं जो नियम बोटांत मुरला होता तो आठ महिन्यांच्या नियमाला न विचारता पुढे झाला, आणि मला पत्ताही लागला नाही. बुर्जीचं आठवलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो. बाकीचं आठवायचं राहून गेलं. चाचांनी सगळ्यांना चहा सांगितला. बाजार उठला तेव्हा गोण्या रिकाम्या करून निघालेली माणसं आपापल्या गावांना बातमी घेऊन गेली, की चाचांनी पोराला पुण्याचा डाव काढून दिला.

तिसऱ्या दिवशी पुण्यात पंचांनी लिफाफा फोडला. प्यादं पुढे. मी हसलो. चाली ठरलेल्याच होत्या, त्यामुळे विचार करायचं कारणच नव्हतं. हत्तीनं ओळ धरली. त्यांचं प्यादं पुढे. मी राजा आणला. समोरचे गृहस्थ माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहत होते. मला वाटलं, त्यांना मात दिसली. त्यांनी प्यादं शेवटच्या घरात सरकवलं, मग ते उचलून बाजूला ठेवलं आणि त्या जागी वजीर ठेवला.

"घोडा," मी म्हणालो. मोठ्यानं.

"अं? नाही, वजीर घेतो मी," ते म्हणाले. "शह आहे तुम्हाला."

नव्या नियमात प्यादं कुठल्याही घरात पोचलं तरी वजीर घेता येतो. हे मला माहीत होतं. आठ महिने मी हे करत आलो होतो. पटावरची घरं काही वेळ मला दिसलीच नाहीत. पुढच्या तीन चालींत त्यांच्या वजिरानं शह देत देत माझा हत्ती खाल्ला. मी राजा आडवा केला, हात मिळवला आणि बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. मला रडू येत होतं. लाज वाटावी असं मी त्यात काही केलं नव्हतं, तरी फार लाज वाटत होती.

एसटीत बसल्यावर मी विचार केला. माझी जागा तर गेली. आता चाकणला उतरलो की पहिला प्रश्न येणार, कसा हरलास? खरं सांगायचं म्हणजे सांगायचं, की चाचांनी काढलेल्या डावात घोडा होणारच नव्हता. पंचक्रोशीत चाचांचा शब्द शेवटचा होता. चाळीस माणसं साक्षीला होती आणि बातमी वाड्यावस्त्यांवर पोचलेली होती. चाचांच्या सांगण्यावरून पोराचं नुकसान झालं, हे एकदा पेठेत पसरलं असतं, तर तो माणूस पुन्हा पटाला हात लावता ना. मी त्यांना चांगला ओळखत होतो. आणि न्यायानं पाहिलं तर चूक माझीच होती. नवा नियम त्यांना माहीत नव्हता, मला होता.

दुकानापुढे माणसं उभीच होती. कुणी विचारायच्या आत मी म्हणालो, "हरलो. डाव जिंकलेला होता. माझ्या हातानं घालवला."

"कसा?" चाचांनी विचारलं.

मी पट मांडला. पहिल्याच चालीला हत्ती कडेच्या ओळीत नेण्याऐवजी त्यांच्या राजाच्या शेजारी ठेवला, कशाचाही जोर नसताना. तिथं राजानं तो फुकट उचलला असता. "असा ठेवला गेला," मी म्हणालो. असली खेळी मी नऊ वर्षांचा असतानाही केली नव्हती. लोकांनी कपाळावर हात मारला. शिंपी म्हणाला, "आरारा! लेकरू पन असं न्हाई करायचं."

चाचांनी तो हत्ती उचलून हातात घेतला. मग त्यांचा आवाज चढला. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "सोन्यासारखा डाव तुझ्या हातात दिला होता रं! कुठं पळायचं होतं? गाडी सुटत होती? एवढी घाई कसली झाली तुला?"

"चुकलंच चाचा," मी म्हणालो.

त्या वर्षी मी भांडारात बाटल्या मोजल्या. खरं काय झालं ते फक्त त्या सिंधी गृहस्थांना सांगितलं. ते आधी पोट धरून हसले आणि मग दुसऱ्या दिवसापासून दुपारची झोप सोडून माझ्याशी खेळायला बसले. चाचांच्या दुकानात मी जातच राहिलो. तिथं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला पाहून विचारी, "पुन्याचा डाव घालवला तो तूच का?" मी हो म्हणायचो. माझ्यासारख्या मानी माणसाला ते किती जड गेलं, हे मलाच ठाऊक. मला गावातल्या पोरासोरांनी खेळावं कसं ते शिकवलं. मी ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी मी त्याच स्पर्धेत पहिला आलो. एकही डाव न हरता. साहेबांनी शब्द पाळला आणि पुढची एकवीस वर्षं मी कारखान्याचा खेळाडू म्हणून देशभर खेळलो. चांगला खेळलो. ज्यांनी माझा खेळ पाहिला त्यांना विचारा.

पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेला निघालो तेव्हा चाचा दुकान बंद करून एसटीपर्यंत पोचवायला आले. कामाच्या दिवशी त्यांनी फळ्या लावलेल्या पेठेनं पहिल्यांदाच पाहिल्या. गाडी लागली. मी खिडकीशी बसलो. त्यांनी खिडकीतून हात आत घालून माझ्या मनगटावर ठेवला. आयुष्यात एकही खेळी मी घाईनं केलेली नव्हती. एकेका चालीला अर्धा अर्धा तास घेतो म्हणून समोरचे माझ्यावर वैतागत.

"बेटा," चाचा म्हणाले, "तेवढी घाई करू नगंस."

"नाही करणार, चाचा," मी म्हणालो.