नाकशेठ आणि पेट्रोलची डबी

नाकशेठांचं खरं नाव आता कुणालाच आठवत नाही. बायकोला आठवत असेल, पण ती 'अहो' म्हणते.

गिऱ्हाइकाने गाडी त्यांच्या गॅरेजच्या दारात चालू ठेवायची. हे मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी रुमाल धरणार, हुंगणार आणि सांगणार, "पेट्रोल जास्त जातंय." नाहीतर, "उपाशी चाललीय बिचारी." चाळीस वर्षांत दोनदा चुकले असतील, आणि दोन्ही वेळा त्यांना सर्दी होती. कॉम्प्युटरवाली इंजिनं आली तरी माणूस हटला नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर यांच्या मध्ये बसवायची एक डबी बाहेर मिळते. कुठल्या वेगाला पेट्रोल किती टक्के वाढवायचं, किती कमी करायचं, ते तिच्यातून ठरवता येतं. ती डबी, तिचा लॅपटॉप, धुरावरून पेट्रोल कमी की जास्त ते दाखवणारं मीटर, सगळं ते पन्नाशी उलटल्यावर शिकले. पण शेवटचा निकाल रुमालाचा. "मीटर नोकर, नाक मालक," म्हणायचे. प्लग उघडून बघणाऱ्या मेकॅनिकांना तर हसायचे.

आणि दोन महिन्यांपूर्वी तापात ते नाकच गेलं.

ताप उतरला, वास काही परत आला नाही. साबण नाही, रॉकेल नाही, काहीच नाही. नाकशेठांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. सांगणार काय, कपाळ? झाकली मूठ सव्वा लाखाची! रुमाल धरायचा, डोळे बारीक करायचे आणि मीटरवरचा आकडा चोरून बघून बोलायचं. निभत होतं. धास्ती मात्र एकच. हे कळलं तर आपल्या दारात गाडी उभी करणार कोण?

अशात नर्सबाईंची गाडी आली. बाई घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना इंजेक्शनं देतात, पट्ट्या बदलतात. गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने हौसेने मोठा सायलेन्सर आणि मोकळं एअर फिल्टर बसवलेलं, त्यामुळे हवा जास्त, पेट्रोल कमी, चढावर गाडी धापा टाकायची. नाकशेठांनी डबी जोडली, सायलेन्सरच्या पाइपात मीटरचा सेन्सर लावला. मीटर म्हणालं, पेट्रोल कमी. पाच टक्के वाढवलं. तरी कमीच. आठ. बारा! तेव्हा कुठे आकडा जाग्यावर आला. रुमाल हुंगला, मान डोलावली. "घेऊन जा, बाई."

चौथ्या दिवशी बाई परत हजर.

"काका, टाकी अर्ध्या वाटेत संपते हो. आणि आत पेट्रोलचा इतका वास, डोकं धरतं. काल चढावर बंदच पडली. तिथे वर राहणाऱ्या एका आजोबांचं इन्सुलिन तासभर लांबलं."

नाकशेठांनी रुमाल धरला, हुंगला. "वास? भास असेल, बाई. चाळीस वर्षांचं नाक आहे हे."

 एवढा जाणता माणूस म्हणतोय तर भासच असेल, असं बाईंना वाटलं. उद्या सकाळी गाडी लागेल म्हणाल्या आणि ती तिथेच ठेवून चालत गेल्या. नाकशेठ मात्र मटकन स्टुलावर बसले. तिकडे म्हातारा ताटकळला आणि आपण धडधडीत खोटं बोललो, ह्याची त्यांना इतकी लाज वाटली की हातातला पाना खाली ठेवायचंही सुचेना.

दुपारी बायको जेवण घेऊन आली आणि दारातच थबकली. नाकशेठांनी गाडी पुन्हा चालू करून ठेवली होती.

"अगं बाई! इंजिनाला पेट्रोल पाजताय की आंघोळ घालताय?"

"तुला येतोय वास?"

"मला येतोय. तुम्हाला येत नाही." तिने डबा टेबलावर ठेवला. "परवा दूध करपून कोळसा झाला. तुम्ही शेजारीच पेपर वाचत बसला होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

नाकशेठांनी रुमाल टेबलावर टाकला. दोन महिने हा धोंडा त्यांनी एकट्याने वाहिला होता, आणि ही बया सगळं जाणून बसलेली! "गेलंय गं," ते म्हणाले, "पार गेलंय."

"गेलं तर गेलं. हात आहेत ना जाग्यावर? लागा मग कामाला."

त्यांनी जन्मात पहिल्यांदा प्लग उघडून पाहिले म्हणा ना. काळेकुट्ट, काजळी धरलेले. मीटर म्हणतंय उपाशी, प्लग म्हणतोय नाकातोंडात पेट्रोल. दोघांतलं एक खोटं. इंजिन गार झाल्यावर ते पुन्हा चालू करून त्यांनी बायकोला सायलेन्सरच्या तोंडावर चिंध्यांचा बोळा दाबून धरायला लावलं आणि स्वतः गाडीखाली शिरले. पाइपाच्या सांध्यातून फुसफुस ऐकू आली. सांध्यातलं गॅस्केट फाटलेलं, सेन्सरच्या अलीकडेच, इंजिनाच्या बाजूला! एरवी तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची, सेन्सर ती हवा मोजून पेट्रोल कमी असल्याचं सांगायचा आणि नाकशेठ पेट्रोल ओतत बसायचे.

नवं गॅस्केट बसलं. बारा टक्क्यांचे चार झाले. रुमाल बायकोच्या हातात गेला.

"आता?"

"आता धूर आहे नुसता. मघासारखा डोक्यात जात नाही."

सकाळी बाई आल्या तेव्हा नाकशेठांनी किल्ली हातात धरूनच ठेवली. "बाई, भास नव्हता. वास येत होता. माझं नाक दोन महिन्यांपूर्वीच गेलंय. मी खोटं बोललो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो काका, मला वाटलं माझंच डोकं फिरलंय! कालपासून प्रत्येक घरात विचारतेय, माझ्या कपड्यांना पेट्रोलचा वास येतोय का म्हणून." मग त्यांनी किल्ली घेतली. "तुमच्या नाकाचं बघू. येतं कधीकधी हळूहळू. नाही आलं तर काकूंना गॅरेजमध्ये खुर्ची टाका."

संध्याकाळी बाईंचा फोन आला. आजोबांना इंजेक्शन वेळेवर मिळालं, टाकी अर्धी शिल्लक. नाकशेठांचा जीव भांड्यात पडला.

घरी बायकोने चहा पुढे ठेवला. "कसा झालाय?"

रोज ते म्हणायचे, फक्कड, वेलची काय मस्त उतरलीय! आज म्हणाले, "खरं सांगू? मला काहीच कळत नाही."

"कळेल कसं? वेलची घालायचं मी महिन्यापूर्वीच सोडलंय."

नाकशेठ इतके हसले, इतके हसले, की कप खाली ठेवावा लागला.