उभं सागवान

बाबा कोणाच्याही घरी गेले की आधी दारावर बोटं आपटायचे. दार उघडं असलं तरी. आत येऊ का हे विचारायला नव्हे, लाकूड कोणतं आहे ते कळावं म्हणून. माझं लग्न जमवायला ते अकोल्याहून अमरावतीला आले, तेव्हा सासरच्या मंडळींनी पोह्यांच्या बशा पुढे केल्या आणि बाबा आतल्या चौकटीपाशी उभे राहून टकटक करत राहिले. घरी परतल्यावर आईने विचारलं, "कशी आहेत माणसं?" बाबा म्हणाले, "समोरची चौकट सागवानाची आहे, आतल्या बाभळीच्या. पण बाभळीले सागवानी रंग नाही मारला त्यायनं. माणसं खरी आहेत." एवढ्या पुराव्यावर माझं लग्न ठरलं. पुढे नवऱ्याशी भांडण झालं की मी त्या बाभळीच्या चौकटीकडे बघून दातओठ खायची. पण खोटं कशाला बोलू, बाबांचा अंदाज चुकला नव्हता.

अकोल्यातल्या एका आरागिरणीत बाबांनी छत्तीस वर्षं लाकडं मोजली. जंगलातून ट्रकमधून ओंडके यायचे, आवारात ओळीने आडवे पडायचे आणि बाबा हातात टेप घेऊन त्यांच्यावर वाकायचे. आधी लांबी, मग मधली गोलाई, मग दोन्ही तोंडं निरखून बघायची. मोजून झालं की खडूने आकडा लिहायचा आणि ओंडक्याला थाप मारून म्हणायचं, "दोन पलंग अन् एक देव्हारा." शाळेला सुट्टी असली की त्यांचा डबा पोचवणं हे माझं काम. करवतीच्या किंचाळण्यात कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही, म्हणून मी लांबूनच डबा उंच धरून दाखवायची. येताना पिशवीभर भुसा घेऊन यायची. आई तो शेगडीत ठासून भरायची, मधे बाटली उभी धरून, आणि बाटली काढली की राहायचं ते भोक पेटवायची. आमच्या घरी वरणाला, पाण्याला, बाबांच्या बनियनला एकच वास होता. तो वास आता फर्निचरच्या दुकानात येत नाही. कुठल्या सुताराच्या दारात अचानक आला तर मी तिथे उगाच थांबते, आणि काही करवून घ्यायचंय का म्हणून सुतार विचारतो.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे अमरावतीला राहायला आले. तोवर वाकून वाकून त्यांच्या मानेचे मणके पार धरले होते. मान खाली जायची, डावीउजवीकडे थोडीफार वळायची, वर मात्र अजिबात व्हायची नाही. पंखा चालू आहे की नाही हे ते अंगाला वारा लागतो का यावरून ओळखायचे. दिवाळीत आकाशकंदील लावला की मला विचारायचे, "कोणत्या रंगाचा आणला?" मी सांगायची आणि ते समाधानाने मान डोलवायचे, म्हणजे जेवढी डोलेल तेवढी.

आमच्या कॉलनीत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. चारेक वर्षांपूर्वी थंडी पडायला लागली तशी त्यांनी टूम काढली, की मेळघाटातली जुनी मोठी झाडं बघायला एक दिवसाची सहल न्यायची. देव नाही, धबधबा नाही, खरेदी नाही, नुसती झाडं. "झाडं पाहाले कोनी एवढ्या लांब जाते का?" असं शेजारच्या काकू म्हणाल्या आणि पहिलं नाव त्यांनीच नोंदवलं. दुसरं नाव बाबांचं असेल असं मात्र मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"बाबा, पहाटे पाचले निघाचं आहे, रात्री वापस याले उशीर होईन. घाट आहे. तुमाले काहून जाचं आहे?" मी विचारलं.

"मी उभं सागवान नाही पाह्यलं."

मी हसले. "छत्तीस वर्षं दुसरं पाह्यलं काय तुमी?"

"ते आडवं. उभं नाही पाह्यलं. बुडापासून त शेंड्यापर्यंत, एकदा पाहाचं आहे मले."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. शेतांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावलेली काडीपहिलवान सागवानं त्यांनी पाहिली होती, पण त्यांना ते झाडात धरत नसत. अकोल्याहून मेळघाट काही काशीरामेश्वर नव्हे. पण आठवड्याची एक सुट्टी दळणात, बाजारात आणि पाहुण्यारावळ्यांत जायची, आणि लाकूड आपण होऊन दारात येत असताना जंगलात जायचं कशाला, असं तेही म्हणायचे. तरी मला त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटली, आणि मला काळजी वाटली की माझी जीभ फार धारदार होते. मी म्हणून गेले, "अन् शेंडा कसा दिसंन तुमाले? मान होते काय वर?"

खुंटीवरचा मानेचा पट्टा काढून बाबांनी स्वतःच साबणाने धुतला आणि दोरीवर वाळत घातला. मी खाली जाऊन सरांकडे दोन नावं देऊन आले.

ट्रॅव्हल्सची गाडी पाचची साडेपाचला आली, म्हणजे वेळेवरच. बाबा पांढरा पट्टा, माकडटोपी आणि माझ्या नवऱ्याचा स्वेटर घालून खिडकीशी बसले. परतवाड्याला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. गरम आलूबोंडे खाऊन गाडी निघाली आणि रस्त्याकडेला ओंडक्यांच्या थप्प्या दिसायला लागल्या. बाबांमध्ये एकदम जीव आला. काचेवर बोट ठेवून म्हणाले, "तो तिसऱ्या थप्पीतला पाहा. मधात पोकळ निघंन."

पुढच्या सीटवरचे सर वळले. "बाबाजी, चालत्या गाडीतून कसं कळलं तुम्हाला?"

"तोंडाचा रंग सांगते ना, सर."

मग काय, गाडीतल्या सगळ्यांनी त्यांची परीक्षाच मांडली. कोणी हातातली काठी पुढे केली, काकूंनी पिशवीतून लाकडी कंगवा काढला. बाबा हातात घेत, नखाने ओरखडत, वास घेत आणि निकाल देत. "शिवण." "बाभूळ." कंगव्याला म्हणाले, "हे लाकूडच नाही, बाई, फसवलं तुमाले." काकू सोडून सगळे हसले. मी ऐटीत चौफेर बघत होते, जसं काही हे सगळं त्यांना मीच शिकवलं होतं.

घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंनी जंगल दाट झालं होतं. गाडीतले लोक खिडकीतून डोकी बाहेर काढून ओरडत होते, "बाप्पा, केवढं उंच!" बाबांना काचेतून फक्त बुंधे दिसत होते, एकामागून एक मागे पळणारे. कोणी ओरडलं की ते माझ्याकडे बघायचे. मी सांगायची, "आहे बाबा, लयच उंच आहे." एकदा त्यांनी सीटवरून पुढे घसरून, कमरेतून मागे रेलून बघायचा प्रयत्न केला, तर खिडकीची वरची पट्टी आडवी आली. दूरच्या डोंगरावरची झाडं शेंड्यासकट दिसत होती, पण त्यांतलं एक वेगळं काढून दाखवता येत नव्हतं. नुसता राग येत होता. कोणावर ते मला तेव्हाही नीट कळलं नाही.

सेमाडोहच्या पुढे नदीकाठचे अर्जुन बघितले. पांढरीफटक खोडं, पाण्यात पसरलेली मुळं. तिथेच पुऱ्या, आलूची भाजी आणि ठेचा खाल्ला. सर एकेका झाडाबद्दल इतकं बोलत होते की त्यांच्या पुऱ्या थंड झाल्या. त्यांनी जुनं सागवान अगदी शेवटी ठेवलं होतं. आम्ही तिथे पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अंधार पडायच्या आत वनखात्याच्या नाक्याबाहेर पडायचं होतं, म्हणून ड्रायव्हरने बजावलं, "वीस मिनटं. त्याच्या वर एक मिनट नाही."

झाड रस्त्यापासून पंचवीसेक पावलांवर होतं. चौघांनी हातात हात धरले तेव्हा कुठे त्याला वेढा पडला. बाबांनी आधी सालीवर तळहात ठेवला. मग खिशातून टेप काढला! तो त्यांनी घरून आणला होता, आणि मला पत्ता नव्हता. मी एक टोक धरलं, ते बुंध्याभोवती फिरून आले, आकडा वाचला आणि म्हणाले, "एवढं मोठं कधी आलं नाही आमच्याकडं."

"बाबाजी, किती पलंग निघतीन?" मागून कोणीतरी विचारलं. बाबा वर बघायची खटपट करत होते. मी पाठीला हात लावला, ते मागे झुकले, आणखी झुकले आणि तोल जाऊन जवळजवळ माझ्या अंगावरच पडले. मागे सरकून बघावं तर दुसरी झाडं आड येत. काकूंनी पर्समधला आरसा काढून त्यांच्यापुढे आडवा धरला. त्यात बाबांना स्वतःचं नाक आणि दोन पानं दिसली. सरांनी मोबाईलवर शेंड्याचा फोटो काढून आणला. बाबांनी तो अदबीने बघितला आणि म्हणाले, "फोटो त घरीही पाह्यला असता, सर."

सगळी मंडळी आता झाड सोडून आमच्याकडेच बघत होती. कीव करत होती बिचारी, आणि ती कीव मला सोसेना. ड्रायव्हरने हॉर्न दिला. "चला आता, बाबा," मी म्हटलं. "मी पह्यलेच सांगतलं होतं." आज हे लिहितानाही ते वाक्य मला टोचतं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मानेचा पट्टा सोडला, माझ्या हातात दिला. बुंध्याला धरून खाली बसले, एक हात टेकला आणि वाळक्या सागपानांवर सरळ आडवे झाले.

"चक्कर आली! बाबाजीले चक्कर आली!" काकू किंचाळल्या. सगळे धावले. कोणी पाण्याची बाटली उघडली, कोणी कांदा मागितला, कोणी त्यांचे पाय उचलून धरले. बाबांभोवती चेहऱ्यांचं कडं झालं.

"अवो, काही नाही झालं मले," खालून बाबांचा आवाज आला. "सरका ना बाजूले. तुमीच आड येऊन राह्यले."

कडं हळूहळू मोकळं झालं. बाबांचं डोकं जमिनीला टेकत नव्हतं, चार बोटं वरच राहत होतं. मी शालीची घडी करून खाली सरकवली. त्यांची नजर बुंध्यावरून वर चढायला लागली. ती चढताना मला दिसत होती. पहिल्या फांदीपर्यंत गेली आणि थांबली. त्यांच्या हिशेबी झाड तिथे संपत असे. मग पुढे निघाली.

"अजून आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "अजून आहे व, माय." आणि मग, "दिसला."

डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही, आणि मलाही नाही. "आमच्याकडं याचं खालचं तेवढंच येत होतं," ते म्हणाले. "मले वाटे, तेच झाड."

हॉर्न पुन्हा वाजला. ड्रायव्हर स्वतः खाली उतरून आला आणि नाका बंद होईल म्हणून सांगायला लागला. होऊ द्या बंद, मी म्हटलं, आणि जरा जोरातच म्हटलं असावं, कारण तो दोन पावलं मागे सरला. सर त्याला हाताला धरून गाडीकडे घेऊन गेले. मी कोऱ्या ड्रेसनिशी बाबांच्या शेजारी पाचोळ्यात आडवी झाले.

खाली वाऱ्याचा लवलेश नव्हता. वर मात्र अख्खा शेंडा एका बाजूला झुकायचा, थांबायचा आणि परत यायचा. सुपाएवढी पानं एकमेकांवर घासत होती, पण त्यांचा आवाज खालपर्यंत पोचत नव्हता.

"हालून राह्यलं व ते," बाबा म्हणाले.

"हो, बाबा. वर हवा आहे."

मग ते अगदी हळू म्हणाले, "एवढ्या उंचाचं पाडते त्याले. केवढा आवाज होत असंन पडताना."

मी सुचेल ते बोलले. "आपल्याले कधी आला नाही तो आवाज, बाबा. अकोल्यापर्यंत नाही येत."

"नाही येत," बाबा म्हणाले. "म्हणून त मोजता आलं."