खोचलेला पदर

दौंडच्या ओतशाळेत बन्सीला सगळे 'जपूनमामा' म्हणत. नाव अनसाबाईनं ठेवलं होतं. ती वाळूवर कामाला होती आणि तिची जीभ वाळूपेक्षा खरखरीत. लोखंडाचा रस ओतायची वेळ झाली की बन्सी ओरडायचा, "जपून!" कुणी डोक्यावर पाटी घेतली की पुन्हा, "जपून!" अनसाबाई म्हणायची, "मामा घाससुदिक जपून गिळत असतील बगा."

बन्सी हसायचा, पण ओरडणं सोडत नसे. दुष्काळात मांडवगण फराट्याहून नदी ओलांडून तो इथं आला आणि वाळूचे साचे भरायला शिकला. पहिल्याच वर्षी त्यानं इब्राहिमचे पाय जळताना पाहिले. साचा ओला राहिला होता. ओल्या साच्यात तापलं लोखंड पडलं की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती लोखंडाचा रसच उडवते. तो रस इब्राहिमच्या चपलांवर आला. त्याला उचलून नेलं, आणि पुढच्या पाळीला त्याच जागी दुसरा माणूस उभा राहिला. तोही चपला घालूनच.

तेव्हापासून बन्सीनं बुटांसाठी पिच्छा पुरवला. बूट मिळेनात, तर ट्रकचे जुने टायर कापून आणि गोणपाट शिवून त्यानं स्वतःच्या पायांना आवरण केलं. आधी सगळे हसले, मग एकेक जण मागायला आला. साचा पुरता वाळल्याशिवाय रस ओतायचा नाही, हेही त्यानं सुपरवायझर मारुतरावांच्या गळी उतरवलं. "मामा, तुम्ही साचे भरा, कारखाना आम्ही चालवतो," असं ते म्हणायचे खरे. पण माणूस भाजला की काम अडतं, हे त्यांनाही कळत होतं.

वाळूच्या चक्कीपुढं मात्र त्याचं काही चालेना. या चक्कीत बायका वाळू आणि कोळशाची भुकटी टाकत आणि ती मळून निघे. चक्की फिरवणारा पट्टा कमरेच्या उंचीवर उघडाच पळायचा. बन्सीला त्यावर जाळी हवी होती.

"जाळी बसवली अन् पट्टा सटकला, तर काढघाल करण्यात निम्मी पाळी जाईल," मारुतराव म्हणाले. "बायकांना नीट वागायला सांगा."

मग निदान पदर तरी खोचलेला असावा, म्हणून बन्सीनं भिंतीवर नियम लिहून मागितला: पदर कमरेला घट्ट खोचल्याशिवाय चक्कीजवळ जाऊ नये. बिनखर्चाची सुधारणा शेठला लगेच पटली. रंगही त्यांनीच दिला. वाचता येणारी बाई एकही नव्हती, म्हणून बन्सीनं तोंडानं सांगितलं.

"आता बाप्या मानसानं आमाला लुगडं नेसाया शिकवायचं व्हय?" अनसाबाई कडाडली.

"शिकवत न्हाई बाई, पाया पडतो."

तिनं पदर खोचला. मग बाकीच्यांनीही खोचला.

पुढं बन्सीची सून चांगुणा चक्कीवर लागली. मुलगा मच्छिंद्र मालधक्क्यावर हमाली करायचा, काम कधी असे कधी नसे. म्हणून बन्सीनंच मारुतरावांकडं शब्द टाकला होता. घरात तो दारातून खाकरूनच आत यायचा, म्हणजे सून डोईवर पदर ओढून घ्यायची. लग्नाला वर्षं झाली तरी तिचे केस त्यानं पाहिले नव्हते. बन्सीची बायको ताईबाई घरातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीला रोज फूल वाहायची, पण सुनेच्या पदराची गोष्ट निघाली की ती मेलेल्या सासूचंच ऐकायची. कामावर जायच्या पहिल्या दिवशी तिनं चांगुणाला बजावलं, "कारखान्यात गेलीस म्हनून सासरा परका न्हाई झाला. मामंजी दिसले की डोईवर पदर."

बन्सी तिथंच चहा पीत होता. त्यानं ऐकलं, आणि काही बोलला नाही. खरं तर त्याला बरंच वाटलं.

तो आपण होऊन चक्कीकडं जाणं टाळू लागला. पण त्या दिवशी पट्ट्याचा आवाज बदलला. सांधा सैल झाला की पट्टा फटफट वाजतो. बायकांना मागं सारायला बन्सी लगबगीनं गेला. सवयीनं खाकरलाही, पण चक्कीच्या घरघरीत ते कुणाला ऐकू येणार? चांगुणा वळली. समोर सासरा दिसताच तिचा हात कमरेला गेला, खोचलेला पदर तिनं सोडवला आणि डोईवर घ्यायला वर फिरवला. त्याचं टोक पट्ट्यावर पडलं.

"जपून!" बन्सी ओरडला.

अनसाबाईनं धावत जाऊन खटका पाडला. तोवर पदरामागून हातही आत गेला होता. उजवा हात, कोपरापर्यंत.

चौकशीला सरकारी साहेब यायच्या आधी मारुतराव बन्सीला बाजूला घेऊन म्हणाले, "भिंतीवर लिहिलेलं तुमचंच, मामा. नियम तिनं मोडला, एवढं सांगा. मच्छिंद्रला आत घेऊ."

बन्सीनं तसं सांगितलं नाही. जाळी मागितली होती, मिळाली नाही, हे त्यानं साहेबांपुढं आणि शेठपुढं उभ्यानं सांगितलं.

"पदर खोचला होता का?" साहेबांनी विचारलं.

"व्हता. अनसाबाई साक्षीला हाय."

"मग सुटला कसा?"

ठाऊक नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग बेफिकिरीचा बोल चांगुणावर आला असता, आणि तिची भरपाई बुडाली असती. बन्सी म्हणाला, "तिनं सोडला. माझ्यापायी. मी सासरा हाय तिचा."

मारुतरावांचा चेहरा सैल झाला. शेठ हळहळून म्हणाले, "आता घरच्या रीतीला कारखाना काय करणार?"

"साहेब, जाळी असती तर पदर डोईवर काय आन् खांद्यावर काय..."

"झालं मामा, आलं ते," म्हणत साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

भरपाई मिळाली नाही. मच्छिंद्रलाही कुणी आत घेतलं नाही. सुधारणा मात्र झाली: चक्कीवरच्या सगळ्या बायका सुरक्षेसाठी म्हणून काढून टाकल्या. त्यांच्या जागी परमुलखातले पुरुष आले, गळ्यात गमछे घालून. पट्टा होता तसाच उघडा राहिला. फाटकाबाहेर अनसाबाई भेटली. "मामा," ती म्हणाली, "आता आमी लई जपून हाओत. घरी."

चांगुणा दवाखान्यातून घरी आली. बन्सी खाकरायचं विसरून दारात उभा राहिला. तिनं उरलेल्या हातानं पदर ओढला; तो घसरला, तिनं पुन्हा ओढला.

"नगं घेऊ," बन्सी म्हणाला. "माझ्यापुढं पदर नगंच घेऊ आता."

आजवर ती त्याच्याशी सरळ कधी बोलली नव्हती. खाली बघत तिनं विचारलं, "मग तवाच का न्हाई म्हनला, मामंजी?"