नाव घ्या, मास्तर

सेनगावच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. बोलण्यावरच माझं पोट होतं आणि बोलण्याचा तोराही होता. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एके सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर सांडलं आणि उजवा हात जड पडला. बायकोनं शेजाऱ्याची जीप काढायला लावली नि मला हिंगोलीच्या एका खासगी दवाखान्यात आणलं.

मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. जीभ जरा अडखळत होती, पण वाक्यं येत होती. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर बायकोला म्हणाले, "साखर वाढलीय, आणि अंगात सूज असल्याचंही रक्तात दिसतंय. अशा पेशंटचं पहिल्या दोन-तीन दिवसांत आणखी बिघडू शकतं. त्यांना बोलतं ठेवा. बोलण्यात जरा फरक पडला की लगेच मला बोलवा."

बोलतं ठेवणाऱ्यांची वानवा नव्हती. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे त्याची परीक्षाच घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या गावाहून, साखऱ्याहून, जीप भरून माणसं आली. "मास्तर, वळखलं का? मी कोन?" "हात वर करा बरं." "पाढा म्हना एखादा." ज्यांच्या पोरांना मी बाकावर उभं केलं होतं, त्यांच्यापुढे लाळ पुसत मी बेचा पाढा म्हटला. खाटेखालचं लघवीचं भांडं सगळ्यांना दिसत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात थोरली भावजय म्हणाली, "भावजी, पाढे ऱ्हाऊ द्या. बायकोचं नाव घ्या!"

खोलीत हशा पिकला. लग्नातल्या उखाण्यानंतर मी चारचौघांत तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. सगळा संसार 'अगं'वर चालला होता. नाव मनात लख्ख होतं. मी तोंड उघडलं, पण जीभ हललीच नाही.

"पाहा, कसे लाजून राहिले!" भावजय म्हणाली, आणि सगळे पुन्हा हसले. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. मास्तरची वाचा गेली यापेक्षा मास्तर लाजला हे बरं. मी मान खाली घातली.

बायको हसली नाही. तिनं सगळ्यांदेखत माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "घ्या न नाव," ती म्हणाली. माझ्या घशातून नुसता आवाज निघाला.

"हे लाजून न्हाई राहिले," ती ओरडली, "डाक्टरला बलवा!"

तोवर उजवा हातही पार लुळा पडला होता. मला तसंच नांदेडला हलवलं. जीव वाचला, शाळा मात्र सुटली.

घरी आल्यावर ती रोज सकाळी मला अंगणात बसवून स्वतःचं नाव घ्यायला लावायची. शेळ्या चारायला निघालेले लोक थांबून गंमत बघायचे. बोबड्या जिभेची मला लाज वाटायची. त्याहून जास्त लाज वाटायची ती याची, की इतक्या वर्षांत त्या नावाचं माझ्या तोंडाला वळणच नव्हतं.

बाकीचे शब्द बरेचसे परत आले. तिचं नाव अजून धड येत नाही, पहिलं अक्षर गळतंच. मी हाक मारली की शेजारची पोरं हसतात. ती मात्र असेल तिथून ओ देते.