डोक्यामागचा मुखवटा

माझी पुतणी परी सुपरहिरोची एक विनोदी चित्रकथा काढायला बसली आहे. तिच्या खोडरबराचा गोडसर वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

मी सातवीत होतो. चामोर्शीच्या आमच्या शाळेत चित्रकथांची स्पर्धा होती. माझी नायिका होती मोहाबाई. मोहफुलं वेचायला वाकताना ती मुखवटा डोक्याच्या मागे बांधायची, माझी माय बांधायची तसाच. वाघ मागून झडप घालतो, पण तिकडेही डोळे दिसले की बिचकतो. माझा वाघ तर "माफ करा, बाई" म्हणत शेपूट घालून पळायचा. सगळा वर्ग खदखदून हसला.

बाहेरून आलेले परीक्षकही हसले, पण मग म्हणाले, "अरे वेड्या, मुखवटा तोंडावर असतो. एवढं बदल, पहिला नंबर तुझा."

"नाई सर. मंग वाघ तिले खाते."

त्यांनी माझंच खोडरबर उचललं, मागचे डोळे पुसले आणि मुखवटा पुढे काढून दिला. त्या घडीला माझी माय रानात वाकलेली होती. मी कागद हिसकावला आणि घरी निघालो. बक्षीस तिथेच राहिलं.

आज बांबू असो की बैल, घासाघीस केल्याशिवाय मी सोडत नाही. त्या एका सौद्यात मात्र तसूभरही खाली आलो नाही, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

"काका, मुखवटा कुठी काढू?" परीने विचारलं.

"मागं काढ. अन् कोनी पुढं घे म्हटलं, तर त्याले माझ्याकडं धाड."