जतन झाले

ऑफिसात मी नोंद भरते आणि पडद्यावर हिरवी पट्टी झळकते, ‘जतन झाले’. मी पान पुन्हा उघडून बघते, तर नोंद नाहीच. हे पान बनवणारा समीर शेजारीच बसतो. तो म्हणतो, “अगं, माहिती सर्व्हरवर पोचायला वेळ लागतो. लोकांना तेवढा धीर नसतो, म्हणून पट्टी आधीच दाखवतो.”

तेव्हापासून मला चैन नाही. ‘पोचलो’ म्हणणारे खरंच पोचलेले असतात का? आणि ‘मी मजेत आहे’ म्हणणारे?

रात्री गावाहून आईचा फोन येतो. “जेवलीस का?”

“हो, आत्ताच,” मेसच्या न उघडलेल्या डब्याकडे बघत मी म्हणते.

ती विचारते, “भाजी कुठली होती?”