लिंबूटिंबू

डोंबिवलीत तेव्हा घरांपेक्षा मोकळं रान जास्त होतं. मे महिन्यात ऊन कललं की शेजारचे काका धोतराचा काचा मारून दारोदार हाका मारायचे, "चला रे, घरात बसून कुजाल!" आणि आम्हा पोरांना लगोरी खेळायला बाहेर काढायचे. लहानग्यांना लिंबूटिंबू म्हणून खेळात घ्यायचं, पण बाद धरायचं नाही, ही सगळीकडची रीत. काकांना ती खपायची नाही. "बाद म्हणजे बाद. रडायचं असेल त्याने घरी जावं." स्वतःच्या मुलीलाही त्यांनी कधी सूट दिली नाही. आमच्यात सगळ्यांत चपळ तीच.

एका उन्हाळ्यात ती बरेच दिवस इस्पितळात राहून आली. फ्रॉक अंगावर लोंबत होता, तरी खेळायचंच म्हणून हटून बसली. काका तिला हाताला धरून घेऊन आले. दोन पावलांतच तिला धाप लागली आणि माझा चेंडू तिच्या पाठीत बसला.

"बाद!" मी ओरडलो.

"बाद नाही," विखुरलेल्या ठिकऱ्या गोळा करत, वर न बघता काका म्हणाले. "ती लिंबूटिंबू आहे."

ती नुसती बापाकडे बघत राहिली. मग जाऊन बाद झालेल्यांच्या शेजारी बसली.